धवलारणीच्या शेजारची जागा

वयनी, तू गेलीस त्या आठवड्यात कुठेही लग्न नव्हतं. आषाढ लागल्यापासून गावात एकाही दारात मांडव उभा राहिला नव्हता. भेटेल त्याला मी हे सांगत सुटले आहे. दहाव्याला आलेल्या बायकांपासून नवीन पनवेलला माझ्या लॅबमध्ये रक्त द्यायला येणाऱ्या ओळखीच्या माणसांपर्यंत सगळ्यांनी परस्पर निकाल लावून टाकला आहे, की किडनी बदललेली बाई, लग्नांतून गात फिरली, कोरोनाने गाठलं. मी म्हणते, अहो, चातुर्मासात धवलारीण कुणाच्या लग्नात गाणार? ते मान हलवतात आणि उठताना पुन्हा म्हणतात, तरी जपायला हवं होतं. तुला जपता जपता माझे केस पिकले, हे त्यांना कोण सांगणार. म्हणून तुलाच सांगत बसले आहे. तू आता मध्येच बोलून मला तोडणार नाहीस, आणि त्याचीच मला सवय होत नाहीये.

साताऱ्याच्या माझ्या माहेरी धवलारीण हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. आमच्या लग्नात तांदळाचा चौक भरून दोन बायका त्याच्यापाशी बसल्या आणि गायला लागल्या, तेव्हा माझ्या आईला वाटलं, भटजींना उशीर झालाय म्हणून या वेळ काढताहेत. बराच वेळ गेला तशी तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं, भटजी येणार आहेत ना? मग सासूबाईंनी तिला समजावलं, की आम्हा आगऱ्यांत देवांना लग्नाला बोलावण्यापासून नवरीची पाठवणी करण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचा धवळा असतो, आणि तो धवलारणीने म्हटल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही. त्या दोघींमधली म्हातारी म्हणजे नागीबाय. तिच्या शेजारी बसून तिची प्रत्येक ओळ झेलणारी, आणि झेलता झेलता माझ्याकडे बघून डोळा मारणारी बाई म्हणजे तू, यमुनाबाय, माझी मोठी जाऊ. नवरी मी, रडायची वेळ माझी, आणि तू मला हसू दाबायला लावत होतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुला विचारलं, तुम्ही चहा घेणार का? तू मागे वळून पाहिलंस, तिथे आणखी कोण उभं आहे ते बघायला. मग म्हणालीस, आमच्याकडं देवालाबी तू बोलतान, मी काय देवापरीस मोठी हाय? तेव्हापासून तू म्हणजे तू. माहेरी गेले की आईला ते ऐकवायचं नाही. मोठ्या जावेला अगंतुगं करते म्हणून ती शेवटपर्यंत माझ्यावर रागावलेली होती. मला मात्र त्या एका 'तू'मुळे सासर लवकर आपलं झालं. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू त्यावरून वर्षभर चिडवलं असतंस.

तुझ्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा दादाने, तुझ्या नवऱ्याने, आपली एक तुला दिली. द्रोणागिरीच्या गोदामात दिवसभर कंटेनरची सीलं तपासणारा, मोजकं बोलणारा माणूस. डॉक्टरांनी जुळतेय म्हटल्यावर त्याने फक्त कधी यायचं एवढंच विचारलं. ऑपरेशननंतर शुद्धीवर आलीस तेव्हा तू मला म्हणालीस, जन्मभर घरान भांडला, आता पोटान बसून भांडंल. तू विनोद केलास, पण शास्त्र तेच होतं. दुसऱ्याची किडनी शरीराला परकी असते, आणि परक्याला हाकलणं हे शरीराचं कामच आहे. ते काम त्याने करू नये म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या, त्याही आयुष्यभर. त्या गोळ्या पहाऱ्यावरच्या पेशींना सुस्त करतात. किडनी वाचते, पण मग दारातून दुसरं कोण शिरतंय त्यावरचं लक्षही ढिलं होतं. हे मी तुला वहीच्या पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून समजावलं होतं. तू ते लांब धरून पाहिलंस आणि म्हणालीस, पोलीस बरे काढलेस.

मग ती साथ आली. दुसऱ्या लाटेत नागीबाय गेली. तिला पोहोचवायलाही कुणाला जाता आलं नाही. लस मिळायला लागली तशी तू आधी रांगेत उभी राहिलीस, कारण किडनीच्या डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. दोन डोस झाले. त्या दिवसांत लॅबमध्ये अँटिबॉडी तपासून घेणाऱ्यांची रीघ लागलेली असायची. आमच्या सेक्टरातली माणसं दहावीच्या मार्कांसारखे आपापले आकडे एकमेकांना सांगायची. कोरोना होऊन गेलेल्याचे जास्त की नुसती लस घेतलेल्याचे जास्त, यावरून लिफ्टमध्ये वाद चालायचे. मी सांगून थकले, की हा आकडा आज रक्तात तरंगणाऱ्या अँटिबॉडींचा आहे, उद्या तो उतरेल. आणि हे किट जुन्या विषाणूवर बेतलेलं आहे, त्याने रूप बदललं तर हाच आकडा किती कामाला येईल ते सांगता येत नाही. कुणाला ते ऐकायचं नव्हतं. आकडा मोठा आला की माणसं मास्क हनुवटीवर घेऊन घरी जायची.

तुझं रक्त मी स्वतः काढलं आणि स्वतः मशिनला लावलं. उत्तर आलं ते मोजता येईल त्याच्याही खाली. मी पुन्हा लावलं. दुसऱ्या कंपनीचं किट मागवून त्यावर लावलं. शून्य ते शून्यच. तुला ते मी समोर बसून सांगितलं. तू पदराने कपाळ पुसलंस आणि म्हणालीस, म्हंजे दोन्ही सुया फुकट? मी म्हटलं, तसंही म्हणता येत नाही. अँटिबॉडी नसल्या तरी दुसऱ्या पेशी असतात, त्यांनी विषाणूची ओळख धरून ठेवली असेल. पण ते तपासायची सोय आमच्यासारख्या लॅबमध्ये नसते.

"मंग तुला ठाव नाय, असं बोल," तू म्हणालीस. "नाय असं नको बोलू."

मी म्हटलं, वयनी, जेव्हा ठाऊक नसतं तेव्हा नाही असंच धरून चालायचं असतं. माणूस त्यानेच वाचतो. तू हाताने माशी उडवावी तसं ते उडवलंस. आपल्या भांडणाची सुरुवात ती. पुढची काही वर्षं आपण दोघी त्या दोन वाक्यांवरच भांडत राहिलो, फक्त भांडायच्या जागा बदलत गेल्या. कधी गावच्या ओटीवर, कधी माझ्या स्वयंपाकघरात, कधी किडनीच्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर.

तुळशीचं लग्न झालं आणि गावातली रखडलेली लग्नं एकदम निघाली. नागीबाय नव्हती, तेव्हा सगळी आमंत्रणं तुझ्याच दारात. मी मुद्दाम रविवारी आले आणि साफ सांगितलं, की यंदा नाही. बंद तोंडाने माणूस जितकं बाहेर सोडतो त्याच्या कितीतरी पट गाणारा सोडतो आणि ओढूनही घेतो, मांडवात शंभर माणसं ओरडत असतात, आणि तुझ्या अंगात एक अँटिबॉडी नाही. तू सुकट निवडत होतीस. वर बघितलंही नाहीस. मग शांतपणे तू मला तुझी बाजू सांगितलीस. धवळे असे बसून शिकवता येत नाहीत. समोर नवरी हवी, अंगाला हळद लागत असायला हवी. शिकायचं ते मांडवात, धवलारणीच्या शेजारी बसून, लग्नामागून लग्न. तू तशीच शिकलीस, नागीबाय तशीच शिकली. तू घरी बसलीस तर हे तिथंच संपलं.

"मी घरान बसून वाचली, तं धवले घरानच मरतील," तू म्हणालीस.

तू मेलीस तर काय वाचणार आहेत का, असं मी म्हणाले. आवाज चढवूनच म्हणाले. दादा बाहेरून आत डोकावून गेला. शेवटी तूच तोड काढलीस. तुला एवढं भ्या वाटतं, तर येऊन माझ्या बाजूला बस आणि काय राखायचं ते राख, असं म्हणून तू सुकटीचं सूप माझ्याकडे सरकवलंस. मी ते निवडायला घेतलं, म्हणजे मी कबूल झाले असंच तू समजलीस.

त्या पहिल्या हळदीची आठवण आली की अजूनही मला हसू येतं. मी आधी जाऊन वारा कुठून येतो ते पाहिलं, खाडीच्या अंगाला मांडवाची कनात वर बांधायला लावली, आणि तुझी बसायची जागा त्या कडेला नेली. उभा पंखा तुझ्या पाठीमागे लावला, म्हणजे हवा तुझ्याकडून लोकांकडे जाईल. पाया पडायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी लांबूनच, लांबूनच म्हणत हात आडवा करत होते. डीजेवाला तुझ्यासाठी आवाज बंद करायचा, तेवढ्यात पोरं माझ्याकडे बघून ओरडायची, धवलारनीची बॉडीगार्ड आयली. तुला मास्क लावून गायला सांगितलं होतं. एक ओळ म्हटलीस आणि काढून कमरेला खोचलास. यात धवला कोंडतो, म्हणालीस. मी डोळे वटारले, तू पुढची ओळ धरलीस.

आणि मग थांबलीस. एकटीच ओळ म्हणून थांबलीस, आणि मला कोपर मारलंस. मला कळेना. तू तीच ओळ पुन्हा म्हटलीस, पुन्हा कोपर. बायका माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मी बसले आहे ती झेलणाऱ्या बाईची जागा आहे. मी नुसते ओठ हलवले. तू म्हणालीस, तोंड तरी हलव, नायतर बाया बोलतील. पुढे कित्येक लग्नं मी ओठच हलवत होते. माझं सगळं लक्ष कोण खोकतंय, कोणाच्या डोळ्यांत पाणी आहे, कोणता पोऱ्या आजारी दिसतोय तिकडे. ओठ आपोआप हलायला लागले, मग त्यांतून आवाज निघायला लागला. ते कधी झालं मला खरंच सांगता येणार नाही. तुमच्या 'ल'च्या जागी माझे साताऱ्याकडचे ळ ऐकून बायका तोंडाला पदर लावायच्या, आणि तू गाता गाता खांदे हलवून हसायचीस.

पुढच्या लाटेत तुला कोरोनाने गाठलंच. ते नवं रूप असं होतं, की मोठमोठे आकडेवाले एकजात आडवे झाले. लिफ्टमधला वाद एका आठवड्यात मिटला. तुला ताप भरला तसं मी तुला उचलून नवीन पनवेलला माझ्या घरी आणलं, हॉस्पिटल जवळ म्हणून. त्या दिवसांत मी किती घाबरले होते ते शब्दांत मांडता येत नाही. बोटाला लावलेल्या त्या चिमट्याच्या आकड्याकडे बघत मी पोळ्या लाटत होते. चार दिवस हॉस्पिटलमध्ये काढून, औषधाचं सलाइन घेऊन तू चालत घरी आलीस. आल्या आल्या म्हणालीस, बघ, सुया फुकट नव्हत्या.

मी लगेच हो म्हटलं नाही. आता वाटतं, म्हणायला काही हरकत नव्हती. पण माझा स्वभाव तुला ठाऊक. मी तुला सांगत बसले, की विषाणूने कातडं बदललं म्हणून अँटिबॉडी चुकतात, पण दुसऱ्या पेशी त्याचे आतले तुकडे ओळखतात आणि ते तुकडे फारसे बदललेले नसतात. तुझ्या पेशींनी ते ओळखले असतील. किंवा ते रूपच मुळात सौम्य असेल. किंवा वेळेवर औषध मिळालं असेल. एकट्या तुझ्यावरून काहीच ठरवता येत नाही. तू पायांवर पांघरूण घेऊन बसली होतीस. बराच विचार करून म्हणालीस, की पलीकडच्या गावचा धवळा वेगळ्या शब्दांत असतो, आपण कधी ऐकलेलाही नसतो, तरी दुसऱ्या ओळीपर्यंत चाल सापडते आणि तिसरी आपण बरोबर झेलतो. तसंच असंल. मी म्हटलं, अगदी तसंच नाही. मग कसं, असं तू विचारलंस. मी अर्धा तास बोलले. शेवटी तू म्हणालीस, म्हंजे तसंच. तेव्हा मी चिडले होते. नंतर मी लॅबमधल्या मुलींना हीच गोष्ट समजावताना तुझाच धवळा वापरला, आणि त्यांना ती पटकन समजली. हेही तुला सांगायचं राहिलं.

त्याच मुक्कामात मी तो उद्योग केला. म्हटलं, एवीतेवी महिनाभर घरात आहेस, मी फोनवर तुझे सगळे धवळे रेकॉर्ड करून घेते, म्हणजे लग्नात जायचं कारणच उरणार नाही. माझा हिशेब तू ओळखला होतास, तरी तयार झालीस. दुपारी खिडक्या लावून घेतल्या, फोन डब्यांना टेकवून उभा केला. तू नऊवारीच्या निऱ्या सारख्या करून पाटावर बसलीस, खाकरलीस, तोंड उघडलंस. काही आलं नाही. तू हसलीस, पुन्हा सुरू केलंस. पहिला शब्दच येईना. माझी तोपर्यंत समजूत होती, की तू लग्नाशिवाय गात नाहीस हा तुमचा रिवाज आहे, देवाधर्माचं काहीतरी आहे. तसं नव्हतंच. तुला ते येतच नव्हतं. तुझ्या चेहऱ्यावर भीती मी दोनदाच पाहिली, त्यातली ही पहिली वेळ. तू म्हणालीस, नवरी समोर नसली का मना कायेक आठवत नाय. मग मलाच धीर द्यावा तशी म्हणालीस, पन हाय, जात नाय कुठं.

पुढच्याच हंगामात एका हळदीला तू बसलीस आणि तासन्‌तास एकही ओळ न अडखळता गायलीस. मी शेजारी बसून तुझ्याकडे बघत राहिले. एवढा साठा ह्या बाईच्या अंगात कुठे आहे, आणि माझ्या स्वयंपाकघरात तो कुठे गेला होता, ह्याचा मला काही केल्या उलगडा होईना. मध्येच तुला ठसका लागला, तू पाण्याकडे हात केलास, आणि तुझी अर्धी राहिलेली ओळ मी पूर्ण केली. तू पाणी पिता पिता माझ्याकडे पाहिलंस. भांडं खाली ठेवून पुढची ओळ धरलीस. मी त्याचा फार विचार केला नाही, कारण तुला ठसका का लागला ह्याच काळजीत मी होते.

तू दर वेळी पुढचा डोस घेतलास, दर वेळी मी आकडा पाहिला. कधी थोडा वर आला, लगेच उतरला. प्रत्येक लग्नाआधी आपलं भांडण व्हायचं आणि प्रत्येक लग्नात आपण दोघी शेजारी असायचो. लोकांसाठी कोरोना ही मागची गोष्ट झाली होती. माझी सॅनिटायझरची बाटली बघून नव्या सुना एकमेकींना विचारायच्या, ह्या बाईला काय झालंय? एवढे मांडव, एवढी माणसं, एवढी गाणी, आणि त्या लाटेनंतर तुला साधी सर्दीसुद्धा झाली नाही.

झालं ते ह्या पावसाळ्यात, घरात बसून. कुठून आलं ते मी शोधलं नाही. दादाला दोन दिवस कसर होती, शेजारी एक-दोघांना ताप येऊन गेला, तूही तपासणीला दवाखान्यात जाऊन आली होतीस. सगळ्यांचं दोन दिवसांत ओसरलं. तुझं छातीत उतरलं आणि मग किडनीने हात टेकले. डॉक्टर म्हणाले, नवा उपप्रकार आहे, बाकीच्यांना काही करत नाही. मला तेव्हा त्यांचा राग आला. आता नाही येत. त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

म्हणजे मी बरोबर होते का, वयनी? मला तसं म्हणता येत नाही. मी ज्या मांडवांना भ्यायले त्यांनी तुला नेलं नाही. मग तू बरोबर होतीस का? तेही म्हणता येत नाही, कारण शेवटी तुझ्या अंगातल्या पोलिसांना ते ओळखू आलंच नाही, किंवा ओळखू आलं आणि त्यांचे हात बांधलेले होते. मी तुला घरी बसवलं असतं तरी हे घडायचं टळलं असतं असं दिसत नाही. उलट तुझे सगळे हंगाम तेवढे बुडाले असते. हे मनात आलं की मला बरं वाटतं, आणि बरं वाटतंय म्हणून पुन्हा रडू येतं.

हॉस्पिटलात तू बोलू शकत होतीस ते दोन-तीन दिवस मी तुझ्याजवळ होते. तू दादाच्या बीपीच्या गोळीची चौकशी केलीस. माझ्या लॅबला कुलूप आहे का विचारलंस. मला एकच गोष्ट विचारायची होती. नवरीला न्हाऊ घालून आत नेतात आणि परत चौकावर आणून बसवतात, त्या मधल्या वेळात दोन धवळे आहेत, त्यांतला आधी कुठला? मला तो क्रम कधीच नीट कळलेला नव्हता. माझ्या जिभेवर प्रश्न आला होता. पण तो विचारणं म्हणजे तुला सांगणं, की तू आता परत चौकापाशी बसणार नाहीस. तू माझ्याकडे बघत होतीस. तुझ्या चेहऱ्यावर दुसऱ्यांदा ती भीती मी तेव्हा पाहिली. मी तुझ्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हटलं, दादाला गोळी वेळेवर देते. तूही त्यावर नुसती मान हलवलीस. मला शिकवते आहेस असं तू कधी म्हणाली नाहीस, शिकते आहे असं मी कधी म्हणाले नाही. एवढ्या भांडणांत आपण हे एक कसं बोललो नाही, ह्याचं मला आता नवल वाटतं.

गणपती गेले आणि तुमच्या शेजारची जनाबाय दादासोबत माझ्याकडे आली. तिच्या पोरीचं तुळशीच्या लग्नानंतर ठरलंय. तिने नारळ-सुपारी टेबलावर ठेवली. मला वाटलं, आमंत्रण. ती म्हणाली, पलीकडच्या गावातली धवलारीण आणता येईल, पण ती तिकडचे धवळे म्हणेल, आणि आमच्या पोरींची लग्नं इकडच्या धवळ्यांवर लागतात.

"यमुनाबायच्या बाजूला तूच बसायचीस," ती म्हणाली. "आमाला दुसरी कोन ठाव हाय?"

मी तिला सांगितलं, की मी तुमच्यातली नाही, साताऱ्याची आहे, माझा आवाज बसका आहे, मला ळ आणि ण सोडवत नाहीत, मी तिथे फक्त राखणीला बसायचे. दादा खाली बघत बसला होता. मी दोन दिवस मागून घेतले आणि नारळ परत नेऊ का असं तिने विचारलं तेव्हा राहू दे म्हटलं.

ती गेल्यावर मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि पहिला धवळा म्हणून बघितला, देवांना बोलावण्याचा. काही आलं नाही. शब्द सोडच, चालसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर शांतपणे, तू बसली होतीस त्याच पाटावर बसून पाहिलं. काही नाही. हळदीचा, न्हाऊ घालण्याचा, पाठवणीचा, एकेक आठवून पाहिला. मोजता येईल त्याच्याही खाली. आयुष्यभर मी अशा रिपोर्टावर सही करून माणसांना घरी बसायला सांगितलं आहे, वयनी, तुला तर प्रत्येक हंगामात सांगितलं.

आज सकाळी मी जनाबायला फोन केला आणि येते म्हणून सांगितलं.